सेवेसाठी पदवी: एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१९४५ साली वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे ठाकुरदास बंग नावाचे एक तरुण प्राध्यापक नुकतेच तुरुंगातून सुटून आले होते. त्यांना डॉक्टरेटसाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. निघण्यापूर्वी आशीर्वाद घ्यावा म्हणून ते सेवाग्रामला गांधीजींकडे गेले. गांधीजींनी थोडा वेळ त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि मग एकच वाक्य बोलले: अर्थशास्त्र शिकायचं तर भारतातल्या खेड्यांत जा, अशा अर्थाचं. बंगांनी प्रवेशाची कागदपत्रं फाडून टाकली आणि काही दिवसांतच विद्यार्थ्यांना घेऊन ते एका खेड्यात राहायला गेले. ही हकिकत त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग यांनी अनेकदा सांगितली आहे.

शिबिरांत, व्याख्यानांत ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जवळपास चाळीस वर्षांनी त्याच घरातला मुलगा, पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह, अमेरिकेतल्या बाल्टिमोरला गेला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी घेतली, भारतात परतले आणि गडचिरोलीत जाऊन राहिले. वडिलांनी कागद फाडले, मुलाने ते भरले. गांधीजींचं ऐकून वाढलेल्या घरात हे कसं घडलं? माझ्या मते बाप आणि लेक, दोघांचंही बरोबर होतं.

हा प्रश्न मला पडण्याचं कारण अगदी घरगुती आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस, मूळची सांगलीची, सहा वर्षं पुण्यात नोकरी. गेली दोन वर्षं शनिवार-रविवारी एका आरोग्य संस्थेसाठी विनामोबदला काम करते आहे आणि आता हेच पूर्णवेळ करावं असं ठरत आलं आहे. मी ज्याला-ज्याला हे सांगितलं, त्याचा पहिला प्रश्न एकच होता, ‘मग मास्टर्स कशात करणार?’ पब्लिक पॉलिसी, डेव्हलपमेंट स्टडीज, एमएसडब्ल्यू, ग्रामीण व्यवस्थापन, पब्लिक हेल्थ. प्रत्येकाचा सल्ला वेगळा. अभ्यासक्रमांची माहितीपत्रकं वाचून काही उलगडा होईना, तेव्हा मी आपल्याकडे या कामासाठी लोकांनी आजवर काय शिकून घेतलं ते शोधायला लागले.

शाळा नव्हती तेव्हा

समाजसेवेसाठी वेगळं शिक्षण लागतं, हा विचार महाराष्ट्रात बराच जुना आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा नव्या सभासदासाठी पाच वर्षांची उमेदवारी ठेवली. त्यात अभ्यास होता, देशभर प्रवास होता, आणि पुढे आयुष्यभर तुटपुंज्या मानधनावर काम करण्याची शपथ होती. पाच वर्षं म्हणजे आजच्या दोन मास्टर्सपेक्षा जास्त. शेवटी प्रमाणपत्र मात्र कसलंच मिळायचं नाही.

या समाजातले दोन सभासद इथे महत्त्वाचे. पहिले नारायण मल्हार जोशी. ते शिक्षक होते. १९०९ मध्ये समाजात आले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवणाऱ्या या लीगने पुढे कार्यकर्त्यांसाठी छोटे प्रशिक्षणवर्गही घेतले. समाजकार्याचं औपचारिक शिक्षण आपल्याकडे सुरू होण्याआधीची ही पायरी.

दुसरे अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा. ते स्थापत्य अभियंता होते, आणि शिकले होते पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात. पूर्व आफ्रिकेत युगांडा रेल्वेच्या कामावर होते, नंतर मुंबई महापालिकेत लागले. शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या रेल्वेची देखरेख त्यांच्याकडे होती. त्या कामात त्यांनी सफाई कामगारांच्या वस्त्या जवळून पाहिल्या. १९१४ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, नोकरीचा राजीनामा देऊन ते भारत सेवक समाजात दाखल झाले. पुढे दुष्काळी भागांत आणि भिल्लांच्या मुलखात त्यांनी उरलेलं आयुष्य घालवलं. मध्ये दुसरी कुठली पदवी घ्यावी असं त्यांच्या मनात आल्याचं दिसत नाही. जे शिकायचं होतं ते महापालिकेच्या नोकरीतच शिकून झालं होतं.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. धर्मादाय कामाला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण हवं, असा आग्रह १८९७ मध्ये मेरी रिचमंड यांनी एका परिषदेत मांडला. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. आज कोलंबिया विद्यापीठाचं समाजकार्य विद्यालय म्हणून जी संस्था ओळखली जाते, तिचं मूळ त्या वर्गात आहे. मेरी रिचमंड स्वतः कॉलेजात गेलेल्याच नव्हत्या. शालेय शिक्षणानंतर हिशेबनीस वगैरे नोकऱ्या करत त्या या कामात आल्या होत्या. या इतिहासात हे वारंवार दिसतं: पदवी सुरू करणाऱ्या माणसाकडे ती पदवी नसते. त्याच्याकडे काम असतं, आणि ते काम पुढच्याला कसं शिकवायचं ही अडचण असते.

१९३६: नागपाडा आणि वर्धा

१९३६ हे आपल्यासाठी कळीचं वर्ष. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी १९२५ मध्ये मुंबईत आले होते. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात, गिरणी कामगारांच्या दाट वस्तीत, त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ चालवलं. तिथे काम करताना, मदतीला येणारी माणसं सद्भावनेने येतात पण त्यांना काम येत नाही, ही अडचण त्यांना जाणवली. सर दोराबजी टाटा ट्रस्टला त्यांनी सुचवलं आणि १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ त्याच नागपाड्याच्या इमारतीत सुरू झालं. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. देशातली समाजकार्याची ही पहिली पदव्युत्तर शाळा. पण मिळायची ती पदविका. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, १९५४ मध्ये ती देवनारला गेली, आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

त्याच १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. पुढे त्याचंच सेवाग्राम झालं. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा पाहत होते. कोलंबियात शिकलेले अर्थतज्ज्ञ, धोतर नेसून, घाणी, चुली आणि हातकागदावर प्रयोग करत होते, खेड्यातल्या कार्यकर्त्यांना शिकवत होते. आणि मुंबईत मॅन्शार्ट यांच्यानंतर टाटा स्कूलचे संचालक झाले ते जे. एम. कुमारप्पा, म्हणजे याच कुमारप्पांचे भाऊ. एक भाऊ शहरातल्या गरिबीसाठी प्रशिक्षित व्यावसायिक घडवत होता, दुसरा खेड्यासाठी ग्रामसेवक. सेवेसाठी काय शिकावं या प्रश्नाची दोन उत्तरं एकाच घरात, एकाच काळात नांदत होती.

नागपाड्याच्या शाळेचं पुढे काय झालं, हे पदवी निवडणाऱ्याने नीट पाहायला हवं. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. एका फटक्यात एका प्रकारच्या पदवीधराची मागणी तयार झाली. समाजकार्याच्या शाळांतले कामगार कल्याणाचे विषय भराभर वाढले. कामगार कल्याणातून कार्मिक व्यवस्थापन आलं आणि त्यातून आजचं मनुष्यबळ व्यवस्थापन, म्हणजे एचआर. माझ्या कंपनीतल्या एचआर विभागाचं कुळ असं शोधत गेलं तर नागपाड्याच्या चाळींपर्यंत पोचतं, हे कळल्यावर मला हसू आलं. पण यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. कायदा नोकरी निर्माण करतो, नोकरी पदवीला आकार देते, आणि पदवी हळूहळू नोकरीच्या दिशेने कलते. समाजकार्याची पदवी समाजकार्याकडेच नेईल याची हमी तिच्या नावात नसते.

कागद कोणाला फाडता येतात

ठाकुरदास बंगांच्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे आणि ती सोडून पुढे गेले तर हा लेख एकांगी होईल.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एमए झाले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएससी, ग्रेज इनची बॅरिस्टरी. परतल्यावर जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. शिक्षणाचा प्रसार, वसतिगृहं, वाचनालयं, अस्पृश्यांच्या तक्रारी सरकारपुढे मांडणं; आजच्या भाषेत बोलायचं तर ती एक संस्थाच होती.

आता कल्पना करा, १९१३ मध्ये कोणी त्यांना सांगितलं असतं की अमेरिकेला कशाला जाता, खेड्यात जा. खेडं काय असतं ते त्यांना शिकवायची गरज होती का? शाळेत वेगळं बसून, तहान लागली तरी नळाला हात न लावता ते शिकून झालं होतं. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवलं, त्यातल्या माणसाने मिळवलेली पदवी हीच एक सामाजिक कृती होती. साउथबरो समितीपुढे, सायमन आयोगापुढे, गोलमेज परिषदेत त्यांचं म्हणणं ऐकावंच लागलं, त्यात त्यांच्या अभ्यासाचा वाटा मोठा होता.

पदवी फाडायला आधी ती हातात यावी लागते, आणि ती फाडूनही समाजात आपलं म्हणणं ऐकलं जाईल असा जन्म लागतो. ‘डिग्रीने काय होतंय, तळमळ पाहिजे’ हे वाक्य मी कार्यकर्त्यांच्या बैठकींत बऱ्याचदा ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्याकडे बहुधा एखादी चांगली डिग्री असते. माझ्याबरोबर काम करणारा एक मित्र नांदेडच्या पारधी वस्तीतून आला आहे. त्याच्याकडे एमएसडब्ल्यू आहे. तो म्हणतो, ‘वस्तीतलं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तहसीलदार आता मला खुर्ची देतो.’ त्याच्यासाठी ती पदवी खुर्चीइतकी खरी आहे. माझं तसं नाही. मला खुर्ची आधीच मिळते, इंग्रजीमुळे, लॅपटॉपमुळे, आडनावामुळे. म्हणून पदवी घ्यावी का याचं उत्तर त्याचं आणि माझं एक असू शकत नाही.

आणंदचा बाँड

आता गुजरातेत जाऊ. व्हर्गीस कुरियन हे मद्रासच्या गिंडी कॉलेजातून शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत मिशिगनला गेले. शिष्यवृत्ती दुग्ध अभियांत्रिकीसाठी होती, त्यांचा ओढा मात्र धातुशास्त्राकडे होता. परतल्यावर बाँडनुसार सरकार पाठवेल तिथे नोकरी करणं भाग होतं, आणि सरकारने त्यांना १९४९ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या आणंदच्या सरकारी लोणी-दूध केंद्रावर धाडलं. तिथे त्यांचा जीव रमत नव्हता. सुटका झाली आणि ते निघण्याच्या तयारीत असताना त्रिभुवनदास पटेलांनी त्यांना थांबवून घेतलं. शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची यंत्रं जुनी झाली होती, ती लावून देण्यापुरतं थांबा, एवढंच. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

कुरियन यांनी नियोजन करून पदवी निवडली नव्हती. पदवीच्या अटीने त्यांना एका जागी बांधून ठेवलं आणि त्या जागेने त्यांना काम दिलं. ती जागाही रिकामी नव्हती. तिथे त्रिभुवनदास होते, ज्यांच्यावर गावोगावचे शेतकरी विश्वास ठेवत. इंजिनिअर नंतर आला, संघटना आधी होती. माझ्यासारख्या, ‘तंत्रज्ञानाने प्रश्न सोडवू’ म्हणत येणाऱ्या मंडळींनी हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा.

१९७९ मध्ये कुरियन यांनी आणंदमध्येच ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था उभी केली. शेतकऱ्यांच्या संस्था चालवायला उत्तम व्यवस्थापक हवेत, आणि प्रचलित व्यवस्थापन शाळांतून निघालेले तरुण तिकडे फिरकत नाहीत, हा त्यामागचा विचार. इथेही तेच: ग्रामीण व्यवस्थापनाची पदविका सुरू करणाऱ्याकडे ग्रामीण व्यवस्थापनाची पदविका नव्हती.

जामखेड ते गडचिरोली

इतक्या शोधात मला सगळ्यात उपयोगी पडली ती बाल्टिमोरच्या एकाच पदवीची महाराष्ट्रातली दोन उदाहरणं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं दांपत्य. त्यांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षं काम केलं. रुग्ण बरे होऊन जात आणि तेच आजार घेऊन परत येत, कारण आजाराचं मूळ पाण्यात, उपासमारीत आणि गावाच्या रचनेत होतं. रुग्णालयात बसून हे थांबणार नाही, हे कळल्यावर ते अमेरिकेला गेले. तिथे वैद्यकीय प्रशिक्षण पूर्ण केलं आणि जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाचे संस्थापक डॉ. कार्ल टेलर हे भारतात जन्मलेले, मिशनरी डॉक्टरांच्या घरातले. पंजाबातल्या खेड्यांत काम केलेले. १९७० मध्ये आरोळे जामखेडला आले.

सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित नर्सना गावोगावी ठेवून पाहिलं. ते जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, अनेकजणी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना गरोदरपण, जुलाब, बाळाचा आहार, लसीकरण शिकवलं. आठवड्याला त्या जामखेडला जमायच्या, एकमेकींना शिकवायच्या आणि परत जायच्या. सगळ्या जगात १९७८ च्या अल्मा आटा परिषदेनंतर प्राथमिक आरोग्यसेवेची चर्चा सुरू झाली, तेव्हा जामखेडला आठ वर्षं झाली होती.

बंग दांपत्यही थेट पदवीकडे गेलं नाही. नागपूरला वैद्यकीय शिक्षण, मग वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम. तिथे अभय बंगांनी रोजगार हमी योजनेची मजुरी ज्या हिशेबावर ठरली होती, तो हिशेब तपासला. मजुराला किती उष्मांक लागतात, कुटुंबात खाणारी तोंडं किती, अशा आकड्यांत त्यांना चुका सापडल्या. दिवसाला ४ रुपये असलेली मजुरी पुढे १२ रुपये झाली. मोर्चाने जे झालं नसतं ते एका अभ्यासाने झालं. संशोधन हेही गरिबाच्या बाजूचं हत्यार आहे, पण ते चालवायला आपल्याला नीट शिकवलेलं नाही, हे त्यांना तिथे जाणवलं. हॉपकिन्सला ते शिकायला गेले. परतल्यावर तेव्हा नुकताच, १९८२ मध्ये, चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा त्यांनी निवडला आणि ‘सर्च’ ही संस्था काढली.

तिथे एक उपकरण तयार झालं. लहान मुलं न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, त्यापुढच्या बाळाचे ५० किंवा जास्त असतील तर धोका. पण गावातल्या सुइणींना तेवढं मोजता येत नव्हतं, आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. म्हणून एका पाटीवर मण्यांच्या दोन ओळी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं. घड्याळ उलटं करायचं, दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा अभ्यास आला. गावातल्या प्रशिक्षित बायकांनी केलेल्या कामामुळे नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलं होतं. आज देशभर आशाताई नवजात बाळाला बघायला घरी जातात, त्यामागे या कामाचा मोठा आधार आहे.

मी त्या पाटीबद्दल वाचलं आणि माझा गोंधळ बराच कमी झाला. बाल्टिमोरमध्ये जे शिकलं, साथरोगशास्त्र, नमुना निवड, तुलनेची गावं, ते सगळं त्या लाल मण्यात उतरलं होतं. सुइणीला हॉपकिन्स माहीत असायची गरज नव्हती. तिच्या हातात निर्णय आला होता. जामखेडलाही हेच घडलं: दोन डॉक्टरांची पदवी शेकडो बायकांत वाटली गेली. जी पदवी आपल्यापाशी थांबते ती आपली बढती होते. पदवी नसलेल्या माणसाच्या हातात जिचा काही भाग देता येतो, ती सेवेच्या कामाची. आणि ते देणं या दोघा दांपत्यांना जमलं, कारण काय अडतंय ते त्यांना जाण्याआधी माहीत होतं.

आता

१९८३ मध्ये दीप जोशी आणि विजय महाजन यांनी ‘प्रदान’ सुरू केली, ती उत्तम शिकलेल्या तरुणांना खेड्यातल्या कामात आणण्यासाठी. जोशी स्वतः एमआयटीत अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकलेले. जामखेडचं आरोळ्यांचं काम पाहून, शिकलेल्या डोक्याने खेड्यात काय करता येतं, हे त्यांच्या मनात ठसलं होतं. पण १९८३ ची ती हाक आणि आजची परिस्थिती यांत फरक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. १९४८ ला जे झालं तेच पुन्हा झालं. कायद्याने पैसा आणला, पैशाने अहवाल मागितले, अहवालांसाठी माणसं लागली, आणि त्या माणसांसाठी पदव्या आल्या. आज संस्थांच्या बऱ्याच जाहिरातींत मास्टर्स ही अट असते. त्याच संस्थेत वीस वर्षं काढलेला, बारावी झालेला तालुका समन्वयक त्या नव्या माणसाला गाव दाखवतो आणि त्याच्यापेक्षा कमी पगार घेतो. नवीन आलेल्याचा यात दोष नसतो, पण ही व्यवस्था मण्याच्या उलट दिशेने चालते.

आणि कर्ज. परदेशातल्या ज्या अभ्यासक्रमाचा अर्ज मी अर्धा भरून ठेवला होता, त्याचा दोन वर्षांचा खर्च सांगलीतल्या आमच्या घराच्या किमतीच्या जवळ जातो. कुरियन यांना बाँडने आणंदला बांधलं. आजचं शैक्षणिक कर्ज नेमकं उलटं करतं: फेडायचं तर आणंदला राहणं परवडत नाही. वॉशिंग्टन नाहीतर दिल्लीतली सल्लागार कंपनी गाठावी लागते. माझे बाबा एसटीत होते. ते एवढंच म्हणाले, ‘नोकरी सोडतेस तर सोड, पण डोक्यावर कर्ज घेऊन सोडू नको. मग सोडलीस असं होत नाही.’

माझ्यापुरतं उत्तर असं निघालं. मी ज्या ॲपवर काम करते त्यात आशाताई घरोघरची माहिती भरतात. ती माहिती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, देणगीदाराच्या आलेखात जाते. मागच्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका गावात एका ताईंनी मला विचारलं, ‘मॅडम, मी तीन वर्षं हे भरते. माझ्या गावाचं काय निघालं, ते मला कधी दिसणार?’ ॲपमध्ये तसा पडदाच नव्हता. पडदा करायला मला दोन आठवडे लागतील. पण त्यावर काय दाखवायचं? ३० बाळंतपणांच्या गावात एक मृत्यू म्हणजे वाढ की योगायोग? कुठला आकडा पाहून ताईंनी पाऊल उचलावं आणि कुठला पाहून उगीच घाबरू नये? हे मला येत नाही, आणि चांगलं प्रोग्रॅमिंग शिकून ते येणारही नाही. ते साथरोगशास्त्रात आणि संख्याशास्त्रात आहे.

त्यामुळे पब्लिक पॉलिसीचा अर्ज मी बंद केला. जूनपासून नोकरी सोडून दोन वर्षं त्या संस्थेत, आताच्या एक तृतीयांश पगारावर, त्या ताईंच्या तालुक्यात राहायचं ठरवलं आहे. साठलेले पैसे तेवढ्यासाठी पुरतात. त्यानंतर पब्लिक हेल्थ, शक्यतो भारतात, शिष्यवृत्ती मिळाली तर बाहेर. आणि त्या दोन वर्षांत प्रश्न बदलला तर पदवीही बदलेल.

नांदेडच्या मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, तुला थांबता येतंय, थांब. मला थांबता आलं नसतं. ते खरं आहे. ज्याला खुर्ची मिळवायची आहे त्याने आधी पदवी घ्यावी, लवकर घ्यावी, आणि त्याला कुणी गांधीजींची गोष्ट सांगू नये. ज्याला खुर्ची जन्माने मिळाली आहे, त्याने मात्र अर्जातला ‘हा अभ्यासक्रम का निवडला’ हा रकाना भरताना एखाद्या गावाचं, एखाद्या अडलेल्या कामाचं नाव लिहिता येतंय का ते पाहावं. येत नसेल तर त्या वर्षीची फी वाचवावी आणि एसटी पकडावी.